इंटरची पायरी आणि जामबाग

दहावीचा निकाल लागला की आमच्या सीमाभागातील घराघरांतून दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो. मुलाला तालुक्याच्या गावीच दोन वर्षे शिकू द्यावे, की घर-शेत गहाण टाकून एकदम पुण्या-हैदराबादेला धाडावे? मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची जून महिन्यात या प्रश्नातून सुटका नसते. आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा एक संकोच दडलेला असतो. जवळचे, लहान, कमी खर्चाचे कॉलेज म्हणजे माघार, असे आजकाल प्रत्येकाने मनाशी धरून ठेवले आहे.

मागे आमच्या गावचे एक वयोवृद्ध गृहस्थ शाळेत आले होते. मुलगा अमेरिकेत, कॅलिफोर्नियात स्थायिक. नातीच्या शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा आवाज खाली घेऊन म्हणाले, "सर, तिला काही मोठ्या युनिव्हर्सिटीत घातलं नाही. दोन वर्षं तिथल्या कुठल्या कम्युनिटी कॉलेजात काढणार, आणि मग पुढं युनिव्हर्सिटीत जाणार म्हणे. इथं कुणाला सांगितलं नाही अजून." मी म्हणालो, "आप्पा, तुमच्या वडिलांनी दुसरं काय केलं होतं? औरंगाबादेत इंटर केलं आणि मग हैदराबादेत बी.ए.ला गेले. तुमची नात घराण्याच्या रीतीनंच चालली आहे." आप्पा क्षणभर विचारात पडले आणि मग मनमोकळे हसले.

त्यांच्या हसण्याने मला मात्र लिहिते केले. आपल्या वाडवडिलांनी ज्या पायरीवरून शिक्षणाचा जिना चढला, ती पायरीच आपण विसरलो आहोत. ही पायरी म्हणजे इंटर. जुन्या हैदराबाद संस्थानातील मराठी माणसाच्या बाबतीत या पायरीची हकीकत सांगायची, तर हैदराबादच्या जामबागेपासून सुरुवात केली पाहिजे.

जामबाग

कोठी, पुतळीबावडी आणि मोअज्जमजाही मार्केट यांच्या दरम्यानचा हा भाग. दख्खनी बोलीत जाम म्हणजे पेरू. एकेकाळी इथे पेरूची बाग असावी आणि तिच्यावरून नाव पडले असावे, असे लोक सांगतात. पुढे फुलांचा बाजार म्हणून जामबागेचे नाव गाजले. पण आमच्या भागातील जुन्या मंडळींना जामबाग म्हटले की फुले आठवत नाहीत, विवेकवर्धिनी आठवते.

विवेकवर्धिनीची स्थापना १९०७ सालची. मुसीच्या त्या भयंकर महापुराच्या एक वर्ष आधीची. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक ही तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मंडळींतील ठळक नावे. त्याच वर्षी गुलबर्ग्यात (आताचे कलबुर्गी) नूतन विद्यालय निघाले. १९१५ साली औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) सरस्वती भुवन निघाले. संस्थानातील सुमारे चौथा हिस्सा प्रजा मराठी बोलणारी होती. पण दरबारची भाषा वेगळी, कचेरीची वेगळी. मुलांना मायबोलीत शिकवायचे तर स्वतःच्या हिमतीवर शाळा उभारण्याला पर्याय नव्हता.

विवेकवर्धिनीत शिकायला हैदराबादेतलीच मुले येत असे नाही. मनमाडहून निघालेली मीटरगेज गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करीत हैदराबादेकडे येई, आणि तिच्यातून वळकट्या, पत्र्याच्या पेट्या अन् भाकरीच्या शिदोऱ्या घेऊन मुले उतरत. सुलतान बाजार, गौलीगुडा, काचीगुडा या वस्त्यांतून मराठी बिऱ्हाडे होती. कुणी मामाकडे राही, कुणी चौघांत मिळून खोली करी, कुणी वार लावून जेवे. आज सोमवार वकिलांकडे, मंगळवार मास्तरांकडे, असा आठवडा. अशा मुलांना मॅट्रिकपर्यंत पोहोचवण्याचे काम विवेकवर्धिनीसारख्या शाळांनी केले. खरा प्रश्न त्याच्यापुढे सुरू होई.

दोन शिड्या

मॅट्रिक झालेल्या मुलापुढे त्या काळी हैदराबादेत दोन शिड्या होत्या. पहिली निझाम कॉलेजची. हे कॉलेज १८८७ साली निघाले आणि ते मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते. तिथले शिक्षण इंग्रजीतून, परीक्षा मद्रासची, आणि पदवीही मद्रासची. ही व्यवस्था १९४७ सालापर्यंत चालली. दुसरी शिडी उस्मानिया विद्यापीठाची. १९१८ साली हे विद्यापीठ स्थापन झाले, १९१९ च्या ऑगस्टमध्ये त्याचे वर्ग सुरू झाले. सर्व विषय उर्दूतून आणि इंग्रजी एक सक्तीचा विषय, अशी तिथली योजना होती. एका भारतीय भाषेतून विद्यापीठाचे सर्व शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मान्य करायला हवे. त्यासाठी दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग उघडून शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले. अडचण एवढीच की ती भारतीय भाषा संस्थानातील बहुसंख्य लोकांची नव्हती. परभणीच्या खेड्यातून आलेल्या पोराला त्रिकोण मुसल्लस म्हणून आणि कोन जाविया म्हणून नव्याने शिकावा लागे.

विद्यापीठ हैदराबादेत. मराठी मुलूख दोनशे-तीनशे मैल लांब. सगळ्यांनाच राजधानीत येऊन चार वर्षे राहणे परवडणारे नव्हते. यावर उपाय म्हणून आली ती इंटरमिजिएट कॉलेजे. हैदराबादेत मुसीकाठच्या सिटी हायस्कूलला १९२१ साली इंटरचे वर्ग जोडले गेले. त्यातूनच पुढे सिटी कॉलेज झाले. १९२३ साली औरंगाबादला इंटर कॉलेज निघाले, १९२७ साली वरंगळला. नंतर गुलबर्ग्यालाही झाले. औरंगाबादच्या कॉलेजचे प्राचार्यपद उर्दूचे थोर पंडित मौलवी अब्दुल हक यांनी भूषविले होते. म्हणजे या कॉलेजांना दुय्यम समजून दुय्यम माणसे नेमली जात होती, असे नाही.

हिशेब सरळ होता. मॅट्रिकनंतर दोन वर्षे इंटर, मग दोन वर्षे बी.ए. किंवा बी.एस्सी. पहिली दोन वर्षे आपल्या भागात काढायची, आणि इंटर उत्तीर्ण झालेल्यांनी राजधानी गाठायची. चार वर्षांचा परमुलखातला खर्च निम्म्यावर येई. मुलगाही मधल्या काळात जरा समजता होई. उर्दू अंगवळणी पडे. जो तिथवर टिकला, तो पुढे सहसा मागे येत नसे.

ही कल्पना एकट्या हैदराबादची नव्हती. १९१७ ते १९१९ या काळात सर मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता विद्यापीठ आयोग बसला होता. इंटरची दोन वर्षे विद्यापीठापासून अलग करावीत, ती गावोगावच्या स्वतंत्र इंटर कॉलेजांत शिकवावीत आणि खरे विद्यापीठ त्यानंतर सुरू व्हावे, अशी शिफारस त्याने केली. तिकडे अमेरिकेतही शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी त्याआधीच हाच विचार मांडला होता. त्यांच्या प्रेरणेने इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी १९०१ साली पहिले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज निघाले. ते कुठे निघाले म्हणाल? गावच्या हायस्कूलच्या इमारतीत. ते उभे करण्यात पुढाकार हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांचा होता आणि पहिल्या वर्षी विद्यार्थी होते अवघे सहा. आमच्यासारख्या हायस्कूलच्या मास्तरांनी ही गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी. आज अमेरिकेत ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, त्या प्रचंड पसाऱ्याचे बीज ते हेच.

मुलींची पायरी

या व्यवस्थेचा एक लाभ फारसा कुणी मोजत नाही. १९२४ साली हैदराबादेत नामपल्लीला मुलींचे कॉलेज सुरू झाले. उस्मानियाचेच हे महिला महाविद्यालय पुढे १९४९ मध्ये कोठीच्या जुन्या रेसिडेन्सीत आले. जामबागेतून पायी जाता येईल इतके ते जवळ. "मुलगी मॅट्रिक झाली, आता पुरे" असे म्हणणाऱ्या वडिलांना एकदम चार वर्षांच्या पदवीला राजी करणे अवघड होते. पण "घरून जाऊन-येऊन दोन वर्षे इंटर करू द्या, मग पाहू" हे पटवता येई. एकदा दोन वर्षे झाली की पुढच्या दोन वर्षांसाठी आई वडिलांशी भांडत असे. माझ्या मावशीचे शिक्षण याच रीतीने झाले. घरापासून दार जवळ असले, तर मुलींची पावले तिथवर सहज पोहोचतात. आजही माझ्या शाळेतल्या मुलींच्या बाबतीत हा अनुभव मला दरवर्षी येतो.

जेव्हा शिडी काढून घेतली गेली

पायरी कितीही चांगली असली तरी तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरचे दार दुसऱ्याच्या हातात असते. हे हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी १९३८ साली फार कठोर रीतीने अनुभवले.

त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात औरंगाबादच्या इंटर कॉलेजच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणण्यावरून वाद उभा राहिला. गाण्यावर बंदी आली आणि मुलांनी ती मानली नाही. महिनाअखेरीस ठिणगी हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहात पोहोचली, आणि मग गुलबर्गा, वरंगळ अशा इंटर कॉलेजांतही पसरली. मुले हटेनात, तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांची नावे काढून टाकण्यात आली. सत्याग्रह, प्रभातफेऱ्या, तुरुंग या गोष्टी आपण स्वातंत्र्याच्या इतिहासात वाचतो. पण इथे एका वेगळ्या गोष्टीकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. नाव काढलेल्या मुलांत इंटरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले पुष्कळ होती. म्हणजे अर्धा जिना चढलेली. मॅट्रिक होऊन गेलेले आणि इंटर हातात नाही. घरी परतावे तर दोन वर्षांचा खर्च पाण्यात. संस्थानात दुसरीकडे जावे तर सगळी इंटर कॉलेजे एकाच विद्यापीठाची.

अशा वेळी नागपूर विद्यापीठाने दार उघडले. कुलगुरू टी. जे. केदार यांनी हैदराबादच्या या विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठात प्रवेश मिळवून दिला. ब्रिटिश अमलाखालच्या विद्यापीठाने निजामाच्या राज्यातून काढून टाकलेल्या मुलांना घेणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. उस्मानियातली वर्षे उर्दूतली आणि नागपूरची परीक्षा इंग्रजीतली. अभ्यासक्रम वेगळा, पुस्तके वेगळी. तरीही मुले गेली, खोल्या करून राहिली, आणि त्यांचा जिना मोडला नाही.

त्यांच्यात वरंगळच्या बाजूचा एक तेलुगू विद्यार्थी होता. नागपूरहून इंटर होऊन तो पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेला, तिथे विज्ञानाची पदवी घेतली आणि परत नागपूरला येऊन कायदा शिकला. या भ्रमंतीत त्याने मराठी अशी आत्मसात केली की पुढे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्याने तेलुगूत नेली. हा विद्यार्थी म्हणजे पी. व्ही. नरसिंह राव, १९९१ ते १९९६ या काळातील भारताचे पंतप्रधान. नागपूरने १९३८-३९ मध्ये "आमच्या नियमात बसत नाही" एवढेच म्हटले असते, तर देशाचे आणि मराठीचेही किती नुकसान झाले असते, याचा विचार करावा.

एका राज्याची तीन राज्ये

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. निजामी संपली आणि उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. मराठवाड्यात कॉलेजे निघू लागली. १९५० साली औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज, पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झालेले, आणि त्याच साली नांदेडला पीपल्स कॉलेज. ही कॉलेजे सुरुवातीला उस्मानियालाच जोडलेली होती. दलित, शेतकरी, अलुतेदार-बलुतेदार घरांतली पहिली पिढी त्यांच्यामुळे इंटरच्या पायरीवर चढली.

या काळातील एक नाव आमच्या भागात घरोघर घेतले जाते ते नरहर कुरुंदकरांचे. वसमतकडचा हा मुलगा हैदराबादेत मामांकडे, उस्मानियात मराठीचे प्राध्यापक असलेल्या डॉ. नारायणराव नांदापूरकरांकडे राहून शिकला. आणि इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, अनेकदा अडखळला. इतिहास, राजकारण, साहित्यशास्त्र यांवर मोठमोठ्यांशी वाद घालणारा तरुण, पण इंटरचे प्रमाणपत्र हाती येईना. पुढे नांदेडला ते शाळेत मास्तर झाले, नोकरी करता करता बाहेरून बी.ए. आणि एम.ए. केले, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि अखेरीस तिथेच प्राचार्य. बाहेरून परीक्षेला बसण्याची सोय नसती, तर मराठी विचारविश्वाला कुरुंदकर गुरुजी मिळाले असते, पण ते प्राचार्याच्या खुर्चीपर्यंत पोचले नसते. नापास झालेल्यालाही पुन्हा आत येता यावे, हा चांगल्या व्यवस्थेचा गुण. आपल्या जुन्या व्यवस्थेत तो होता.

मग १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात. भाषेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण हैदराबाद ज्यांची राजधानी होती, त्या देगलूर, उदगीर, भालकी, औराद, आदिलाबादच्या मराठी घरांची शिडी तीन तुकड्यांत विभागली गेली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. बीदरची मुले धारवाडकडे आणि १९८० नंतर गुलबर्गा विद्यापीठाकडे वळली. जामबागेतली मराठी माणसे उस्मानियाच्या छत्राखाली राहिली. विवेकवर्धिनीने शाळेच्या जोडीला ज्युनियर आणि पदवी महाविद्यालयेही चालवली, हे त्यांचे उपकार.

पायरीची नावेही तीन झाली. आंध्रात १९६९ पासून पुन्हा दोन वर्षांचे इंटर सुरू झाले आणि १९७१ मध्ये त्याचे स्वतंत्र बोर्ड झाले. महाराष्ट्रात १९७५ नंतर अकरावी-बारावी आली. कर्नाटकात तिला पी.यू.सी. म्हणतात. वर्षे दोनच, वये तीच, पुस्तकातले न्यूटनचे नियमही तेच. पण एका राज्यातली पायरी दुसऱ्या राज्यातल्या जिन्याला बसवताना सुताराला घाम फुटतो.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. देगलूर तालुक्यातून दहावी झाल्यावर १९८५ साली मी गौलीगुड्यात मामांकडे राहायला गेलो आणि दोन वर्षे इंटर केले. जामबागेतल्या मराठी मित्रांच्या संगतीत, तेलुगू शेजाऱ्यांच्या अंगणात आणि दख्खनी हिंदीत गेलेली ती दोन वर्षे मला फार काही देऊन गेली. गुणही बरे पडले. पण पदवीच्या प्रवेशासाठी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या कारकुनाने माझी वर्षे बोटांवर मोजली. १९७४ च्या आदेशाप्रमाणे आंध्रात ८५ टक्के जागा स्थानिकांना राखीव होत्या, आणि स्थानिक ठरण्यासाठी त्या भागात सलग चार वर्षे शिकलेले किंवा राहिलेले असावे लागे. माझी दोनच भरली. "दो साल कम पड़ रहे हैं बाबू," तो म्हणाला. उरलेल्या १५ टक्क्यांत माझा क्रमांक लागला नाही. तो नियम तेलंगणातल्या मागास भागातील मुलांच्या हितासाठी केला होता आणि त्यांचे गाऱ्हाणे खरे होते, हे मला पुढे इतिहास शिकताना समजले. पण सीमेवरच्या मुलाचा विचार त्यात कुणी केलेला नव्हता.

नांदेडला परत आलो, तर इथे वेगळाच पेच. बोर्ड परराज्यातले, म्हणून स्थलांतर प्रमाणपत्र आणा, विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र आणा, तोवर प्रवेश तात्पुरता. ते कागद हाती पडेपर्यंत दिवाळी उजाडली. त्या चार महिन्यांत माझ्याबरोबर परतलेल्या एका मित्राने कंटाळून कापूस खरेदीच्या केंद्रावर हिशेबनिसाची नोकरी धरली आणि तो पुन्हा कॉलेजात आला नाही. तो माझ्यापेक्षा हुशार होता. त्याला बुद्धी कमी पडली नाही की पैसा कमी पडला नाही. दोन विद्यापीठांच्या मधल्या अंतरात तो हरवला.

वरचे दार

सांगायचे तात्पर्य असे. घराजवळच्या लहान कॉलेजात दोन वर्षे आणि मग विद्यापीठ, या मार्गात कमीपणाचे काही नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठवाड्याने तो मार्ग चालून दाखवला. मात्र त्या मार्गाचे मोल वरचे दार उघडे आहे की बंद, यावरून ठरते. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यात हे दार कागदावर लिहून ठेवले. उत्तम गुणांच्या आठव्या हिश्श्याला थेट राज्याच्या मुख्य विद्यापीठात प्रवेश, वरच्या तिसऱ्या हिश्श्याला राज्य महाविद्यालयांत, आणि बाकी सर्वांना दोन वर्षांच्या कॉलेजांची दारे खुली. त्याचबरोबर विद्यापीठातील वरच्या वर्गांत साठ टक्के आणि खालच्या वर्गांत चाळीस टक्के विद्यार्थी असावेत, असे प्रमाण आखले. कशासाठी? दोन वर्षांच्या कॉलेजांतून येणाऱ्यांना तिसऱ्या वर्षाला जागा मिळावी म्हणून. तिकडे सगळे आलबेल आहे असे नाही. पदवीच्या आशेने अशा कॉलेजात शिरणारी पुष्कळ मुले वरच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. पण दार कुठे आहे आणि ते कोणी उघडायचे, हे निदान लिहिलेले आहे.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने आणि त्यानंतर २०२१ साली आलेल्या श्रेयांक पेढीने एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेण्याची वाट दाखवली आहे. वाट चांगली आहे. पण ती विद्यापीठाच्या आतली आहे. बारावी-इंटर-पी.यू.सी. यांच्या मधल्या सीमा ओलांडताना आमच्या मुलांना अजूनही कागदांच्या थप्पीवरूनच चढावे लागते.

म्हणून सीमाभागातील पालकांना मुख्याध्यापक या नात्याने चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पहिली, दहावीनंतरचे कॉलेज निवडण्याआधी पदवी कुठे घ्यायची ते ठरवा. त्या राज्याचा स्थानिकत्वाचा चालू नियम काय आहे, किती वर्षांचे शिक्षण किंवा वास्तव्य लागते, ते आधी वाचा. हे नियम बदलत असतात, शेजाऱ्याच्या आठवणीवर जाऊ नका. दुसरी, शाळा सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र आणि मूळ गुणपत्रक निकालाच्या आठवड्यातच मागा, प्रवेशाच्या आठवड्यात नको. पात्रता प्रमाणपत्राचा अर्ज तात्पुरत्या प्रवेशाच्या दिवशीच भरा. तिसरी, हैदराबादेत इंटरला मराठी दुसरी भाषा म्हणून घेता येते, मात्र प्रत्येक कॉलेजात शिकवणारा असतोच असे नाही. ते विचारल्याशिवाय शुल्क भरू नका. चौथी गोष्ट मुलींच्या बाबतीत. जवळचे कॉलेज निवडताना "एवढंच शिकव" असे मनात ठेवून निवडू नका. पुढची दोन-तीन वर्षे कुठे, हे त्याच दिवशी तिच्याशी बोलून घ्या.

आणि शाळा-कॉलेजांच्या चालकांना एक विनंती. आपल्या कार्यालयात परराज्यातून आलेले मूल उभे असेल, तर त्याची वर्षे बोटांवर मोजताना १९३८ साल आठवावे. नागपूरच्या कुलगुरूंपुढेही अपुरे कागद, वेगळा अभ्यासक्रम आणि परकी परीक्षा हेच होते. त्यांनी आधी मुलांना आत घेतले. आमच्या सीमाभागाला त्याहून वेगळे काही नको आहे.